मास्तरांचा पडदा

मला फक्त एक पडदा हवा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीला, साधा, कापडाचा, वर नेफा आणि खाली दुमड. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात अख्ख्या वस्तीचे कपडे शिवले, त्याच्या बायकोने एवढं मागितलं तर ते काही आकाशातले तारे मागणं नव्हे. पण आमच्या घरात सरळ मागितलेली गोष्ट सरळ मिळाल्याचं मला आठवत नाही.

पडदा का लागला ते आधी सांगते. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी. पूर्वी तिच्यातून मोकळं आवार दिसायचं. मग तिथे इमारत उभी राहिली आणि तिची एक खिडकी बरोबर माझ्या ओट्यासमोर आली. इतकी जवळ, की हात लांब केला तर वाटी देता-घेता येईल. त्या खिडकीत सकाळी एक तरुण माणूस दात घासत उभा राहतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही, मी त्याला ब्रशवाला म्हणते. तो दात घासतो आणि माझा स्वयंपाक बघतो. नजर वाईट नाही, एवढं मी मान्य करते. रस्ता खणायला लागले की रिकामी माणसं कशी उभी राहून बघतात, तसं त्याचं बघणं. मी काणाडोळा केला. मग तो बोलायला लागला. तोंडातला फेस तसाच ठेवून एकदा म्हणाला, "काकू, दूध उतू चाललंय." दूध खरंच उतू चाललं होतं, म्हणून तर जास्त राग आला. त्यानंतर गॅस मोठा झालाय, झाकण तिरकं बसलंय, कांदा जाड चिरलाय, असं रोज काहीतरी. माझ्या सासूबाईंनीही माझ्या कामात एवढं नाक खुपसलं नव्हतं.

मी कापड आणलं, छान निळसर, आणि ह्यांच्या हातात ठेवलं. हे म्हणाले, करतो.

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. लहानपणी मामाच्या दुकानात काज-बटणं करायला बसले ते पुढे स्वतःचं दुकान काढेपर्यंत उठलेच नाहीत. ते दुकान म्हणजे एक उभं कपाट. त्यात मशीन, मास्तर आणि गिऱ्हाईक एवढंच मावायचं, चौथा आला तर पहिल्याला बाहेर काढावं लागे. पण नाव होतं. नाव कशाचं, तर आत सोडलेल्या कापडाचं. शिलाईसाठी कापडाच्या कडेला जी जास्तीची जागा ठेवतात तिला शिंपी माया म्हणतात. बाकीचे बोटभर ठेवत, हे दोन बोटं ठेवायचे. लहान मुलीचं माप घेताना हे मुलीकडे बघतच नसत, तिच्या आईकडे बघत; पोर पुढे किती भरणार ते तिथे कळतं म्हणायचे. ह्यांच्याकडचा झगा मुलीच्या अंगाबरोबर वाढायचा, आणि लग्नातली पँट नवऱ्याच्या पोटाबरोबर. ह्यांच्या हाताखालच्या कारागिराचा एक टाका वाकडा गेला तर हे सगळी शिवण त्याच्यासमोर उसवायचे. बोलायचे काही नाहीत. उसवायचे, आणि परत हातात द्यायचे.

मग एक दिवस दुकान बंद करून मशीन घरी आणलं. तयार कपड्यांपुढे आता टिकाव नाही, डोळेही थकले, असं सांगितलं. मला पटलं. मशीनवर जाड कापड घातलं गेलं आणि त्यावर मी रेडिओ ठेवला.

पडद्याचं 'करतो' लांबत गेलं. मी दुपारी दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसते. दुपारभर लोकांना 'थांबा, बोलावतील' असं सांगून घरी यायचं आणि घरी आपणच थांबायचं, याचा काय संताप येतो ते ज्याचं त्याला माहीत. अशीच एकदा परत आले तर जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर फुटक्या काचा. लाल, हिरव्या, पिवळ्या, एक दुधी. मला वाटलं, काहीतरी पडून फुटलं. तर हे शांतपणे म्हणाले, पडदा काचेचा करू.

कापड तेलकट होतं, म्हणाले. धुवावं लागतं, उजेड अडवतं. रंगीत, खडबडीत काच उजेड आत घेते आणि नजर बाहेर ठेवते. यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि ह्यांचं तेच तर दुखणं आहे. वेडेपणासुद्धा असा मुद्देसूद करतात की भांडायला जागा उरत नाही. ह्यांच्या जुन्या दुकानाशेजारी फोटोंना फ्रेमा करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी काचेचे उरलेसुरले तुकडे दिले आणि कापायला शिकवलं. बाकीचं लेकीने दिलेल्या जुन्या फोनवर बघितलं. लेकीला मी फोन करून तक्रार केली, तर ती म्हणाली, आई, बाबांना काहीतरी विरंगुळा हवाच ना. परगावी बसून विरंगुळा सुचवायला काय जातं. अनवाणी पायात काच तिला नाही टोचणार.

त्या दिवसापासून माझ्याच स्वयंपाकघरात मी चपला घालून वावरले. जेवणं पलंगावर, ताट मांडीवर. नको असताना सगळं शिक्षण कानावर पडलं, ते आता तुम्हीही ऐका.

काच कापायची म्हणजे खरं तर कापायची नाही, ओरखडायची. पेन्सिलीएवढा कटर असतो, त्याच्या टोकाला बारीक चाक. ते तेलात बुडवायचं आणि काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलात तर काच हवी तिथे तुटत नाही आणि चाकही बाद होतं. नीट जमलं तर कापड टरकावल्यासारखा बारीक आवाज येतो. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून, जीव मुठीत न धरता, खाली-बाहेर दाबायचं. तुकडा सुटतो. खडबडीत काच उलटी करून गुळगुळीत बाजूने ओरखडायची. कडा ओल्या दगडावर घासायच्या, कोरड्या नाही, कारण ती धूळ छातीत गेली तर बाहेर येत नाही. हे सगळं मला भाजी चिरताना पाठमोरं उभं राहून ऐकावं लागे, आणि ब्रशवालाही तिकडून ऐकायचा. एकदा त्याने ह्यांना विचारलं, काका, चष्मा का नाही घातला? मी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी हे डोळे झाकणारा चष्मा घालून बसले, हेही खरं.

नक्षी काय, तर ह्यांचे कापड बेतायचे जुने खाकी कागदाचे फर्मे. बाही, कॉलर, पाठ, खिसा. तेच आडवेतिडवे मांडून खिडकीच्या मापाचं चित्र केलं. बघणाऱ्याला डोंगर आणि पानं वाटतील, मला मात्र लगेच कळलं की हा शर्ट आहे, उसवून ठेवलेला. त्यातला मुंढा, म्हणजे बाही जोडायची खोल गोलाई, काही केल्या निघेना. काच फटकन भलतीकडेच तडकायची. सांगितलेलं होतं की आतली खोल गोलाई एका दमात काढायची नाही. आधी उथळ रेघ ओढून तो तुकडा सोडवायचा, मग जरा खोल, मग आणखी खोल. पण मास्तरांनी आयुष्यभर मुंढा एका फटक्यात कापलेला. हिरवी काच वाया गेली, मग दुसरी गेली. त्यात भर म्हणून काचेतल्या लाटांच्या रेघा शेजारच्या तुकड्याशी जुळायला हव्यात हा हट्ट, चौकडीच्या कापडाच्या चौकडी जुळवाव्यात तसा. मी म्हटलं, कोण बघणार आहे? म्हणाले, मी.

एका सुट्टीच्या दिवशी काचेच्या कडा घासलेला चिखल टेबलभर पसरला आणि पुसायला चिंधी सापडेना. मशीनच्या मागे ह्यांची कापडांची पिशवी असते. तिच्यात हात घातला तर माझं निळसर कापड बाहेर आलं.

कापून, दुमडून तयार होतं. खालच्या दुमडीवर शिवण नव्हती, पण शिवणीची भोकं होती. ओळीच्या ओळी. शिवलेलं उसवलं तरी भोकं राहतात, ती लपत नाहीत. पहिली ओळ मुंगी चालावी तशी नागमोडी गेलेली. तिच्याखाली दुसरी, तिसरी, तितक्याच वाकड्या, एक तर दुमड सोडून भलतीकडे घसरलेली. शेवटी हातशिलाईचा कच्चा टाका घालून बघितलेला, तोही अर्ध्यात सोडलेला. मी दवाखान्यात असताना रेडिओ उतरवून, मशीनवरचं कापड काढून, हा माणूस बसला होता. शिवत होता, उसवत होता, आणि मी यायच्या आत रेडिओ परत जागेवर ठेवत होता.

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. चहाचा कप दोन्ही हातांनी का धरतात, सही करताना मला बाहेर का पाठवतात, हे सगळं एकदम लक्षात आलं. तयार कपडे आणि थकलेले डोळे हे सगळं थापांचं गाठोडं होतं. हात थरथरतोय एवढं एक वाक्य बायकोला सांगायला काय हरकत होती? मी कुठे त्यांना उसवून परत हातात देणार होते?

कापड जमेल तशी पहिल्यासारखी घडी घालून पिशवीत ठेवलं आणि टेबल माझ्या जुन्या ओढणीने पुसलं.

त्यानंतर मी ह्यांच्याकडे नीट बघायला लागले. कटर काचेवर टेकण्याआधी हात हलायचा. पण टेकला, खांद्यापासून जोर लावला, की थांबायचा. सुईला बोटं लागतात. काचेला अख्खा दंड लागतो, आणि दंड अजून ह्यांचा होता. त्यांनी हे कधी शोधून काढलं कोण जाणे, फ्रेमवाल्यांच्या दुकानात गंमत म्हणून कटर धरला असेल तेव्हा. मला एवढं स्पष्ट दिसलं, की हे काचेचं खूळ फसलं तर हा माणूस परत कशालाच हात लावणार नाही. मशीनसारखाच अंगावर कापड घेऊन कोपऱ्यात बसेल. तेव्हा पडदा मिळो न मिळो, ही काच उभी राहायला हवी होती. एकदम गोड वागले असते तर त्यांना संशय आला असता, म्हणून पूर्वीइतकीच कटकट चालू ठेवली. तशी ती फारशी खोटी नव्हतीच.

सगळे तुकडे झाले तेव्हा प्रत्येकाच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची वेळ आली. कपड्याच्या काठाला लावतात तसा, म्हणून हे तिला गोट म्हणायचे. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी, मग सपाट काडीने घासून बसवायची, नाहीतर पुढे सुटते. मग तुकडे पाटावर मांडले. पाटाच्या दोन बाजूंना पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे कोपरा काटकोनात राहतो. सांध्यांवर आधी ठिकठिकाणी कच्चा टाका, म्हणजे वितळलेल्या कथलाचा एकेक थेंब, की काही हलू नये. मग कथील धरावं म्हणून द्राव लावून झाळायची छोटी तापलेली इस्त्री सावकाश ओढत कथील भरायचं, एका बाजूने आणि मग उलटून दुसऱ्या बाजूने. मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल, आणि उजव्या हाताला डाव्याचा आधार. टाके जाडसर आले, कुठे कुठे गोळे झाले, पण धरले. त्या कथलात शिसं असतं. म्हणून खिडकी उघडी, खाणंपिणं लांब, उठलं की हात साबणाने धुवायचे. सुट्टीच्या दिवशी दुपारचा चहा मी जिन्यात बसून प्यायले.

सगळ्यात शेवटी चारही कडांना जाड तांब्याची तार फिरवून कथलाने झाळली. टांगायचे आकडे त्या तारेला लावायचे, आणि तेही जिथे आतली शिवण कडेला येऊन मिळते तिथेच. नुसत्या कोपऱ्यावर लावले तर वजनाने पट्टी सोलून निघते आणि काच खाली. हे मला ह्यांनी स्वतःहून समजावलं, खुषीत होते.

उचलायला फ्रेमवाले आले. एवढी काच आडवी उचलायची नाही, मधे वाकते. दार नेतात तशी उभी न्यायची. दोघांनी तशीच नेली, मी पुढे रस्ता मोकळा करत. ती चौकटीच्या आत बसवून वरून आकड्यांनी अडकवायची असं ठरलेलं होतं. खालची कड आत ठेवली आणि वरची बसेना. बाजूनेही बसेना. काढून फिरवली, परत लावली. काच खिडकीपेक्षा तळहातभर मोठी होती, उंचीलाही आणि रुंदीलाही.

फ्रेमवाल्यांनी एक खाकी फर्मा उचलून काचेतल्या बाहीवर धरला आणि बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसायला लागले. काच कापताना दोन तुकड्यांमध्ये पट्टीपुरती फट राहावी म्हणून कागद उलट किंचित कमी करायचा असतो. आमच्या मास्तरांनी प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी शिलाईची माया सोडली होती. बोटाच्या पेराएवढीही नाही, पण प्रत्येकाला. काचेला. घासताना जुळेना तिथे घासून जुळवलं, आणि पाटाच्या उघड्या दोन बाजूंनी सगळी नक्षी पसरत गेली, ते त्यांना दिसलंच नाही. हात आपसूक करत राहिला होता.

फ्रेमवाले म्हणाले, काही नाही मास्तर, दोन बाजूंचे तुकडे वितळवून काढू, परत कापू. ह्यांनी काच भिंतीला टेकवली, इस्त्रीची वायर काढली, ती वायर इस्त्रीभोवती गुंडाळायला लागले, आणि ती काही गुंडाळली जाईना. फ्रेमवाल्यांच्या देखत हात थरथरत होता. त्यांनी हसणं थांबवलं.

"राहू द्या," हे म्हणाले. "माझ्याच्यानं आता कुठलंच माप होत नाही. ही घेऊन जा तुम्ही. आणि हिला बाजारातून पडदा आणून देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी पलंगावर जेवले, जिन्यात चहा प्यायले, पायातली काच सुईने काढली, ती बाजारातल्या पडद्यासाठी?

मी म्हटलं, "मी खिडकीची काच मागितली होती का तुमच्याकडे? पडदा मागितला होता. आणि पडदा खिडकीच्या मापाचा शिवतात का मोठा शिवतात? मास्तर तुम्ही आहात की मी?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे, मग काचेकडे.

"मोठा," म्हणाले. "चारही बाजूंनी अर्धा तळहात."

मग पडद्यासारखं चौकटीवरून टांगायचंच ठरलं. आमच्या खिडकीचे पल्ले बाहेर उघडतात, त्यामुळे आतून काच लोंबली तरी वारा यायचा राहत नाही. चौकटीच्या वर भिंतीत स्क्रू धरणारे गुल्ले ठोकून लाकडी पट्टी बसवली, तिच्यात स्क्रूचे दोन आकडे. दोन्हींतलं अंतर काचेच्या आकड्यांइतकंच, म्हणजे साखळ्या सरळ उभ्या राहतात; वर जवळ आल्या तर त्या काचेला आत ओढतात आणि शिवण उलते. दोरी नाही, साखळीच, कारण ओट्यावरच्या वाफेने दोरी कुजते. आधी त्या आकड्यांना पाण्याने भरलेली बादली टांगून दिवसभर ठेवली. मी त्या बादलीखालून वाकून स्वयंपाक केला, ते सांगायचं राहिलं. बादली पडली नाही तेव्हा काच चढली. खालच्या कोपऱ्यांना मागून कोटाची दोन मोठी बटणं चिकटवली, म्हणजे वाऱ्याने हलली तरी भिंतीवर आपटत नाही. फ्रेमवाल्यांनी डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाले, वहिनी, फिटिंग झकास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन समोरच्या इमारतीच्या कडेवरून आलं आणि ओट्यावर हिरवी बाही पडली, पिवळी कॉलर पडली. ब्रशवाला पलीकडे एक दुधी ठिपका झाला होता. मी उगाचच जरा जास्त वेळ बघत उभी राहिले. आणि दूध उतू गेलं. सांगणारं कोणी नव्हतं ना आता. गॅस विझला, ओटा भरला, खाली माझ्या चपलांवर धार.

मी ओरडले तसे हे आले, आणि हातात जे होतं त्याने ओटा पुसायला लागले. ते माझं निळसर कापड होतं. काच पुसायला म्हणून पिशवीतून काढलं असणार. मी त्या भोकांच्या ओळींकडे बघितलं, आणि मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"तू आधीच पाहिलं होतंस," हे म्हणाले. "घडी तू घातलेली होती. मी उलटी घालतो."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

ते पुसत राहिले. हात चांगलाच थरथरत होता, दूध ह्या टोकाचं त्या टोकाला जात होतं. आज त्यांनी तो खिशात घातला नाही, की दुसऱ्या हाताने धरलाही नाही. माझ्यासमोर, लख्ख उजेडात, तसाच थरथरू दिला.

ओटा काही स्वच्छ झाला नाही. मला परत पुसावा लागला.